‘अपू त्रयी’चा ब्लू-रे संच: जळालेल्या निगेटिव्हमधून काय निघालं

जुन्या चित्रपटांच्या नव्या डिस्कच्या घोषणा हल्ली एकामागून एक येतायत, आणि जवळपास प्रत्येकीवर ‘४के रिस्टोरेशन’ (म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त, साफ करून खूप बारीक तपशिलाचं डिजिटल चित्र बनवणं) असं ठसठशीत लिहिलेलं असतं. त्यामुळे ओळखीतले लोक मला विचारतात, यातलं नेमकं काय घ्यायचं? मी दर वेळी एकच सांगते. नवीन काही मागवायच्या आधी क्रायटेरियन या अमेरिकी डिस्क कंपनीने २०१५ साली काढलेला सत्यजित राय यांचा ‘अपू त्रयी’ संच बघा. ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपूर संसार’ (१९५९), तीन चित्रपट, तीन ब्लू-रे. चित्रपट थोर आहेत हे सांगायला माझी गरज नाही. पण रिस्टोरेशन म्हणजे काय आणि काय नव्हे, हे या तीन डिस्कवर जितकं स्वच्छ कळतं तितकं मला दुसरीकडे कुठे कळलेलं नाही.

मी संकलनात उमेदवारी केली तेव्हा काम अजून फिल्मवरच चालायचं. पॉझिटिव्हवर, म्हणजे निगेटिव्हवरून छापलेल्या प्रतीवर, आम्ही वाट्टेल ते करायचो. चिकटपट्टीने जोड मारायचा, सोडवायचा, पुन्हा मारायचा. निगेटिव्हला, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फिल्मला, मात्र हात लावायची सोय नव्हती. ती कापणारे गृहस्थ पांढरे हातमोजे घालून वेगळ्या खोलीत बसायचे आणि आम्ही पोरंसोरं नुसती दारात उभी राहिलो तरी “धूळ आणताय, व्हा बाहेर” म्हणून खेकसायचे. त्यांचं बरोबरच होतं. पॉझिटिव्ह फाटली तर दुसरी छापता येते, निगेटिव्ह एकच असते.

‘अपू त्रयी’ची ती एकुलती एक निगेटिव्ह आगीत सापडली. १९९२ साली राय यांना मानद ऑस्कर मिळालं, त्याच वर्षी ते गेले. त्यांचे चित्रपट नीट जतन करायचे म्हणून निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत पाठवल्या गेल्या आणि १९९३ मध्ये त्या प्रयोगशाळेलाच आग लागली. तिथे साठवलेली नायट्रेट फिल्म पेटली होती, आणि नायट्रेट एकदा पेटली की विझवणं अवघड, कारण तिला जळायला बाहेरचा ऑक्सिजनही लागत नाही. जे तुकडे उरले ते अमेरिकेतल्या ऑस्करवाल्या अकादमीच्या संग्रहात गेले. त्यांचं काही करता येईल असं तंत्र तेव्हा कुणाजवळ नव्हतं. तरी कुणीतरी ते फेकले नाहीत, वीसेक वर्षं तसेच सांभाळून ठेवले. या सगळ्या कहाणीतला माझा आवडता माणूस तो आहे, आणि त्याचं नाव डिस्कच्या खोक्यावर नाही.

पुढचं काम इटलीत बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत झालं. फिल्म वाळून इतकी ठिसूळ झाली होती की यंत्रात घातली असती तर मोडलीच असती. आधी तिच्यात ओलावा परत आणला. मग कडेची तुटलेली भोकं हाताने नव्याने बसवली, जोडांमधला गोंद आणि मेण खरवडून काढलं. या हातकामालाच हजारएक तास लागले. शेवटी ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’च्या निगेटिव्हचा ६० टक्क्यांहून थोडा जास्त भाग वापरता आला. ‘अपूर संसार’च्या निगेटिव्हमधून मात्र वापरण्यासारखं काही हाती लागलं नाही. राहिलेल्या भागासाठी जगभरच्या संग्रहांतून चांगल्यात चांगल्या प्रती गोळा केल्या, सगळं ४केमध्ये स्कॅन केलं, आणि मग संगणकावरची साफसफाई सुरू झाली. तीही काही महिने चालली.

आता डिस्ककडे येऊ.

‘पथेर पांचाली’त मिठाईवाला कावड घेऊन चाललाय, त्याच्यामागे दुर्गा, तिच्यामागे तिचा धाकटा भाऊ अपू, सगळ्यात शेवटी कुत्रा. ही मिरवणूक तळ्याच्या काठाने जाते आणि कॅमेरा त्यांना पाण्यात, उलटं दाखवतो. हा शॉट मी पहिल्यांदा पाहिला तो अनेक हातांतून गेलेल्या एका प्रिंटवर. तेव्हा पाणी म्हणजे राखाडी डाग होता आणि त्यात काहीतरी हलत होतं, एवढंच. या डिस्कवर पाण्याचा प्रत्येक थर वेगळा दिसतो. पृष्ठभागावरचा बारीक तरंग, त्यातलं माणसांचं प्रतिबिंब, आणि त्याच्याही मागे झाडांची सावली. छायालेखक सुब्रत मित्र तेव्हा एकवीस-बावीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. हे मला माहीत होतं, पण पटलं ते हे तळं बघून. नवशिक्याचा आंधळा नेम नव्हता तो. त्यांना नक्की काय हवं होतं ते त्यांना ठाऊक होतं, मधल्या प्रतींनी ते आपल्यापर्यंत पोचू दिलं नव्हतं.

तीच गत पावसाच्या आधीच्या पाणकिड्यांची. तळ्यावर किडे नाचतायत, मागे रविशंकरांची सतार. जुन्या प्रतींत किडे कुठले आणि फिल्मवरचे ठिपके कुठले, हेच कळायचं नाही. इथे कळतं. आणि याच ठिकाणी लक्षात येतं की हे काम करणाऱ्यांचा हात किती सावध होता. ठिपके पुसणारं सॉफ्टवेअर मोकाट सोडलं असतं तर ठिपक्यांबरोबर किडेही पुसले गेले असते, पावसाचे थेंब गेले असते. म्हणजे अशा शॉटला माणूस बसवावाच लागतो, एकेक फ्रेम बघत.

ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, ठेवलेला आहे. माझा नवरा पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाला, “एवढा खर्च करून हे दाणे नाही का घालवता आले?” दाणे घालवायचे नसतात, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. रव्याचा लाडू खाताना रवा जिभेला लागतो म्हणून कुणी तक्रार करत नाही. हे ऐकून तो गप्प बसला. पटलं म्हणून की लाडवाची आठवण झाली म्हणून, ते माहीत नाही.

याच्या उलट काय होतं ते माझ्याकडच्याच दुसऱ्या एका डिस्कवर आहे. कंपनीचं नाव राहू दे. वेष्टनावर ‘डिजिटली रिस्टोर्ड’, आणि आत नायिकेचा चेहरा मेणाच्या बाहुलीसारखा गुळगुळीत. ग्रेन काढायच्या नादात पापण्या, साडीचा पोत, भिंतीचा गिलावा, सगळं सपाट केलेलं. वर चौकोनी चित्र आजच्या रुंद टीव्हीत भरावं म्हणून वरून-खालून छाटलेलं. कपाळं गेली, नाचातले पाय गेले. संकलक म्हणून मला हे दुसरं जास्त लागतं. कुणीतरी डोकं लावून बांधलेली चौकट होती ती. ‘अपू त्रयी’त चित्र मूळच्या मापाचं आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आहेत, आणि त्या तशाच असायला हव्यात.

‘अपराजितो’ तिघांत सगळ्यात सुंदर दिसतो, हे माझं मत. निगेटिव्ह जास्त वाचली हे एक कारण असेल, पण दुसरं कारण प्रकाशाचं आहे. बनारसच्या घराचं अंगण कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी स्टुडिओत उभं केलं होतं. खऱ्या अंगणात वरून झिरपत येतो तसा मऊ, सावलीशिवायचा उजेड तिथे हवा होता. सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि दिव्यांचा झोत सरळ माणसांवर न टाकता त्या कापडावर टाकून खाली परतवला. आज हे सगळेच करतात, तेव्हा तसं नव्हतं. हा उजेड म्हणजे सगळा राखाडी छटांचा खेळ. प्रतीची प्रत काढत गेलं की पहिल्यांदा मरतात त्या याच छटा. काळं अधिक काळं होतं, पांढरं फटफटीत होतं, मधलं काही उरत नाही. या डिस्कवर अपूची आई सर्वजया हिच्या मागची भिंत बघा. तिथे काहीच घडत नाही, तरी मी तो भाग थांबवून थांबवून पाहिला.

‘अपूर संसार’ थोडा मऊ दिसतो. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही टीव्हीला दोष द्याल. मूळ निगेटिव्ह नसल्याने तो पुढच्या पिढीच्या प्रतींवरून, म्हणजे फाइन ग्रेन मास्टर (मूळ निगेटिव्हवरून काढलेली बारीक दाण्यांची पॉझिटिव्ह) आणि डुप निगेटिव्ह (निगेटिव्हची नक्कल) यांवरून घेतलेला आहे. दर पिढीला थोडा तपशील गळतो आणि तो परत आणता येत नाही. कृत्रिम धार लावून तो आणल्याचा आव आणता येतो, तसा इथे आणलेला नाही. अपूची बायको अपर्णा फाटक्या पडद्याच्या भोकातून बाहेर बघते तो शॉट आहे तसाच, किंचित धुरकट, आणि शर्मिला टागोरच्या डोळ्यांना त्याने काही कमीपणा येत नाही. पहिल्या दोन चित्रपटांतही निगेटिव्हचा तुकडा संपून दुसऱ्या प्रतीचा सुरू होतो अशा जागा असणारच. मला काही ठिकाणी शंका आली, नवऱ्याला कुठेच आली नाही. जोड दिसत नाही म्हणजे जोडणाऱ्याचं काम झालं, असं आमच्या धंद्यात मानतात.

आवाज मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचा, आहे. तो तसाच ठेवलाय, उगाच सहा स्पीकरांत वाटलेला नाही. ‘पथेर पांचाली’त दुर्गा वारल्यावर अपूचा बाप हरिहर परत येतो, सर्वजया त्याने दुर्गेसाठी आणलेली साडी हातात घेते आणि तिचा हंबरडा फुटतो, पण आपल्याला तिचा आवाज येत नाही. त्याच्या जागी तारशहनाई हे तंतुवाद्य वाजते. जुन्या प्रतींत या जागी आवाज इतका फाटायचा की ऐकवत नसे. इथे वाद्य वाद्यासारखं ऐकू येतं आणि म्हणूनच अंगावर येतं. शांत जागी बारीक खरखर आहे. असू दे.

पुरवणीच्या ऐवजात बरंच काही भरलंय. ‘अपूर संसार’मधले सौमित्र चटर्जी आणि शर्मिला टागोर यांच्या मुलाखती बघा. १९५८ साली राय यांनी स्वतः वाचलेल्या त्यांच्या निबंधाचं ध्वनिमुद्रण तर ऐकाच. तो खर्जातला आवाज आणि ते नेमकं इंग्रजी. पुस्तिकेत ‘पथेर पांचाली’साठी त्यांनी काढलेल्या चित्रचौकटींचा काही भाग छापलाय. तळ्याचा शॉट पाहून मग ती पानं उलटा. रिस्टोरेशन कसं झालं यावरचा छोटा माहितीपटही आहे. मला तो दुप्पट लांब चालला असता. भोकं बसवणारी बोटं अजून थोडा वेळ दाखवायला हवी होती.

घेण्याआधी एक अडचण लक्षात घ्या. अनेक ब्लू-रे डिस्क जगाच्या ठरावीक भागातल्या, म्हणजे ‘रीजन’मधल्या, प्लेअरवरच चालतात. हा अमेरिकी ब्लू-रे संच रीजन ‘ए’चा आहे आणि भारत रीजन ‘सी’त मोडतो. म्हणजे बहुरीजन प्लेअर लागेल. नंतर याच त्रयीची ४के यूएचडी (साध्या ब्लू-रेहून जास्त तपशील दाखवणारी डिस्क) आवृत्तीही आली. ४के डिस्कला रीजनचं बंधन नसतं, मात्र तिला ४केचाच प्लेअर हवा. सबटायटल फक्त इंग्रजी आहेत.

आता येऊ घातलेल्या डिस्कबद्दल. ‘मंथन’ (१९७६) २०२४ साली आणि ‘अरण्येर दिनरात्री’ (१९७०) २०२५ साली नव्याने रिस्टोर होऊन कान महोत्सवात दाखवले गेले. यांच्यासारखे आणखी कितीतरी आपल्याला घरी बघायचे आहेत, आणि अशी घोषणा आली की मीही घाईघाईने वाचते. पण मी ‘४के’ हा शब्द वगळून पुढे जाते. ‘४के रिस्टोरेशन’ असलेली डिस्क साध्या ब्लू-रेचीही असू शकते, हा संचच तसा आहे, आणि त्यात गैर काही नाही. ४केत केलेलं चांगलं काम १०८०च्या, म्हणजे साध्या ब्लू-रेच्या, डिस्कवरही उठून दिसतं. मी शोधते ते ‘कशावरून’. मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून, फाइन ग्रेनवरून की प्रिंटवरून? काम कुठल्या प्रयोगशाळेत झालं? दिग्दर्शक किंवा छायालेखक हयात असेल तर रंग ठरवताना त्याला बसवलं होतं का? ज्यांनी काम मन लावून केलेलं असतं ते हे सगळं स्वतःहून लिहितात, कारण कष्ट तिथेच गेलेले असतात. नुसतं ‘डिजिटली रिमास्टर्ड’ लिहून थांबले असतील तर मी परीक्षणं येईपर्यंत पैसे पाकिटात ठेवते.

डिस्क घरी आली की ती लावायच्या आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जा. हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा, नॉइज रिडक्शन बंद करा, शार्पनेस खाली आणा. नव्या टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असतो, तो लावला की यातलं बहुतेक एका झटक्यात होतं. बोलोन्यात हजार तास घालून राखलेला ग्रेन दिवाणखान्यातल्या टीव्हीने पुसून टाकला तर दोष त्या डिस्कचा नाही.