वसुलीच्या केससाठी वकिलांचं ऑफिस, शिवाजीनगर पुणे: ४/५

भोसरीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, एका मोठ्या कंपनीकडे सव्वा कोटीच्या वर बिलं अडकलीत आणि पीओमध्ये (परचेस ऑर्डरमध्ये) आर्बिट्रेशनचा क्लॉज, म्हणजे वाद झाला तर कोर्टाऐवजी लवादाकडे. एक वकील म्हणाले वाइंडिंग अप (कंपनी गुंडाळायचा अर्ज) टाका, घाबरून पैसे देतील. दुसरे म्हणाले क्लॉज आहे ना, मग एनसीएलटी (कंपन्यांच्या दिवाळखोरीचे अर्ज ऐकणारं न्यायाधिकरण) विसरा. शेवटी सीएच्या ओळखीने इथे गेलो. (नाव देत नाही, फीबद्दल बोलायचंय.)

इथल्या वकील मॅडमनी फीच्या आधी मेल्सची फाईल मागितली, तिथेच बरं वाटलं. त्यांचं म्हणणं, दोघंही अर्धवट सांगतायत. थकबाकीसाठीचं वाइंडिंग अप आता कंपनी कायद्यात राहिलंच नाही, ते आयबीसीत (दिवाळखोरी कायद्यात) गेलं, आणि किमान १ कोटी थकबाकीची अट २०२० पासून आहे ती आपण पार करतो. क्लॉज असला म्हणून एनसीएलटी बंद होत नाही, कंपनी गुंडाळायचा अधिकार लवादाला नसतोच, हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच हरियाणा टेलिकॉमच्या केसमध्ये सांगितलंय. अडचण क्लॉजची नाही, वादाची. डिमांड नोटीस (थकबाकी मागणारी) गेली की समोरच्याला १० दिवस मिळतात, त्यात त्याने आधीपासूनचा वाद दाखवला की आपला अर्ज फेटाळला, वादात कोण बरोबर हे एनसीएलटी बघतच नाही, तो निव्वळ बनावट नाही ना एवढंच बघते (सुप्रीम कोर्टाचा मोबिलॉक्स निकाल, २०१७). आणि आमच्या इनबॉक्समध्ये त्यांच्या रिजेक्शनच्या मेल्स पडलेल्या, तारखांसकट! म्हणजे आर्बिट्रेशनच.

मी विचारलं, अवॉर्ड (लवादाचा निकाल) हातात आला की मग तरी एनसीएलटी? तर तेही लगेच नाही, समोरच्यांनी आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्टात चॅलेंज केलं तर तोसुद्धा वादच धरतात (के. किशन, २०१८). मधेच दुसऱ्या कोणाच्या अर्जावर कंपनी दिवाळखोरीत गेली तर मोरॅटोरियम (कंपनीविरुद्धच्या केसेसना स्थगिती) लागून आपलं आर्बिट्रेशन जागच्या जागी थांबणार, मग आरपीकडे (दिवाळखोरीत कंपनी सांभाळायला नेमलेल्या माणसाकडे) क्लेम भरा आणि रांगेत उभे राहा. हे कोणीच आधी बोललं नव्हतं. म्हणून मॅडमनी कलम ९ खाली सिक्युरिटी (पैशांची हमी) मागायचा अर्जही लगेच सुचवला (आर्बिट्रेशन कायद्यातलं ९, आयबीसीतलं ९ वेगळं, माझा पार्टनर अजून गोंधळतो).

एक स्टार कापला कारण ड्राफ्टिंगचे पैसे वेगळे हे बिल आल्यावर कळलं, आणि ज्युनियर व्हॉट्सॲप बघून रिप्लाय देत नाहीत. आर्बिट्रेशनची नोटीस मात्र कडक लिहिली. पार्किंग नाही, रिक्षाने जा.