पाचपट फास्ट म्हणे! सात महिने वापरलेल्या मॅनेज्ड डेटाबेसला ३ स्टार

आधीच सांगतो, डेटाबेस (मॅनेज्ड म्हणजे सर्व्हर, बॅकअप सगळं कंपनीच सांभाळते) वाईट नाहीये, दोन स्टार कापलेत ते त्यांच्या वेबसाईटवरच्या "पाचपट फास्ट" वाल्या स्पीड टेस्टच्या तक्त्याचे, कारण आम्ही भुललो त्यालाच.

आमच्याकडे मस्जिद बंदरच्या एका सुकामेवा होलसेलवाल्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर आहे. एरवी मख्खन चालतं. पण दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांना एकच माल हवा, काजू ३२० (काजूची एक प्रत), म्हणजे कितीही ऑर्डरी आल्या तरी स्टॉक वजा होणार डेटाबेसातल्या त्या एकाच रो मधून (रो म्हणजे एका मालाची एक ओळ), आणि पहिल्याचं लॉक (त्याचं काम होईपर्यंत ती ओळ बाकीच्यांना बंद) सुटेपर्यंत बाकीचे सगळे लायनीत उभे. दुपारी शेठचा फोन, "अरे भाऊ, स्क्रीन नुसती गोल फिरतेय, खाली टेम्पोवाला बोंबलतोय!" सीपीयू बघितला तर जेमतेम १५ टक्के. मशीन रिकामं बसलंय आणि ऑर्डरी तुंबल्यात.

रात्री बसून त्या तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचली (आधीच वाचायला हवी होती, मान्य). मशीन ६४ कोरचं, आमचं ८ चं. डेटा सगळा रॅममध्ये मावणारा. आणि अपडेट लाखो रोंवर सारखे पसरलेले, म्हणजे कोणी कोणाच्या वाटेत येतच नाही!

त्यापेक्षा टीपीसी-सी बरं, म्हणजे डेटाबेसचा वेग मोजायची सगळ्यांसाठी ठरलेली टेस्ट. १९९२ चं आहे, पण आकडा ऑडिट होतो, सिस्टीमची किंमत सांगावी लागते, अख्खा रिपोर्ट उघडा ठेवावा लागतो. तिथलं मॉडेलही होलसेलवाल्याचंच, गोदामं, ऑर्डरी, पेमेंट. पण मेख अशी की नियमानुसार एका गोदामामागे नव्या ऑर्डरी मिनिटाला १२.८६ च्या वर जाऊच शकत नाहीत, मग आकडा मोठा करायचा तर गोदामं वाढवत न्यायची आणि लोड आपोआप वाटला जातो. आमच्या शेठचं गोदाम एकच.

गंमत म्हणजे पोस्टग्रेस डेटाबेससोबत फुकट येणारं पीजीबेंच हे वेग मोजायचं टूल स्केल १ वर (म्हणजे सगळ्यात लहान डेटावर) चालवलं की त्यात बँकेच्या शाखेचा रो एकच असतो, पंचवीस क्लायंट लावले की सगळे त्याच्यावरच आदळतात. जाणकार म्हणतात असं टेस्ट करू नका. आम्हाला नेमकं तेच हवं होतं! मग आमचीच स्क्रिप्ट लिहून त्यात घातली, स्टॉकचा अपडेट ट्रान्झॅक्शनच्या (एका ऑर्डरच्या सगळ्या नोंदींच्या) अगदी शेवटी ढकलला, लॉक क्षणभरच राहतं, लाईन हलली.

बाकी बॅकअप चोख, फेलओव्हर (मुख्य सर्व्हर पडला की दुसरा काम घेतो) एकदा झाला तेव्हा शेठला कळलंही नाही, सपोर्टवाला रात्री ११ ला पण नीट बोलतो. ३ स्टार त्याचे.