हॅमर मशीनवर कोअरची सुरुवात: सेंटर बिट की प्लायचा साचा?

काँक्रीटमध्ये हॅमर मशीनने, म्हणजे फिरताना ठोकेही देणाऱ्या ड्रिलने, कोअर (पाइपासाठीचे मोठे गोल छिद्र) काढताना पहिला अर्धा इंच सांभाळायचा कसा, या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. कोअर कटरच्या, म्हणजे कडेला दात असलेल्या पोकळ नळकांडी कटरच्या, मधोमध बसणारा टोकदार सेंटर बिट वापरायचा, किंवा सेंटर बिट काढून ठेवून प्लायला पाडलेल्या गोल छिद्रातून कटर उतरवायचा. जळगाव-भुसावळ पट्ट्यात प्लंबिंगची आणि एसीच्या पाइपांची कामे करताना मी दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. हा आढावा कार्बाइडच्या दातांच्या कोअर कटरपुरता आहे. डायमंड कोअर, म्हणजे हिऱ्याचे कण बसवलेल्या दातांचा कटर, ठोक्यांवर कधीही चालवू नये, त्याचे दात उखडतात. आणि त्याला लागणारे पाणी व खाली उतरणारा चिखल राहत्या घरात, त्यातही मे महिन्यात, घरमालकांना नको असतो. म्हणूनच छोट्या कामांना आपल्याकडे हॅमरच धरला जातो.

सुरुवात अवघड का जाते, हे आधी पाहिले पाहिजे. एकदा दातांना गोल घर सापडले की कटर आपल्या वाटेने जातो. परंतु कोऱ्या पृष्ठभागावर त्याला आधार नसतो, आणि ठोके सुरू होताच तो नाचू लागतो. नुसते फिरवून हलकी चरी पाडावी म्हटले, तर एसडीएस मॅक्सच्या (जाड दांड्याचे बिट बसणाऱ्या मोठ्या हॅमरच्या) पुष्कळ मशीनमध्ये ती सोय नसते. फिरणे आणि ठोके एकत्र, किंवा नुसते ठोके, असे दोनच पर्याय असतात. त्यात आपली खडी काळ्या बसाल्टची. प्लास्टरचा थर ओलांडून बिटाचे टोक अशा खड्याच्या उतरत्या अंगावर पडले, तर ते दोन-तीन मिलीमीटर बाजूला घसरते आणि त्याच्यामागोमाग सगळे वर्तुळ सरकते.

सेंटर बिटाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. खूण केलेल्या बिंदूवर टोक टेकवले की काम सुरू होते, वेगळी तयारी लागत नाही, एकटा माणूस ते करू शकतो, आणि विटांच्या भिंतीत तर त्याहून सोयीचे काही मला माहीत नाही. एसीच्या 65 मिलीमीटरच्या छिद्रासाठी मी आजही पुष्कळदा तोच लावतो. माझी तक्रार त्याच्या अचूकतेविषयी फारशी नाही. बसाल्टवर तो घसरतो हे खरे असले, तरी आधी 6 मिलीमीटरच्या साध्या बिटाने बारीक छिद्र पाडून घेतले की ते घसरणे बरेच कमी होते.

तक्रार आहे ती तो मध्येच काढावा लागण्याविषयी. कटरचे दात 5 ते 10 मिलीमीटर आत गेले की मशीन थांबवायचे, कटर बाहेर घ्यायचा, खाचेत पाचर घालून सेंटर बिट निमुळत्या बैठकीतून ठोकून काढायचा आणि पुन्हा त्याच चरीत कटर बसवायचा, असा हा क्रम आहे. तो न काढता पुढे गेले, तर ठोक्यांचा मोठा भाग सेंटर बिटच खातो, कटर रेंगाळतो आणि बिट बैठकीत आणखी घट्ट रुतत जातो. भुसावळला एका दुसऱ्या मजल्यावर 110 मिलीमीटरच्या पाइपासाठी आम्ही 125 चा कोअर काढत होतो. बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास, कटर हातमोज्यांतूनही चटके देत होता आणि मदतनीस मुलगा पाचरीवर हातोडा मारून मारून शेवटी म्हणाला, “भाऊ, सेंटर निघतच नाही.” ते निघाले तेव्हा पाऊण तास गेला होता, आणि परत चरीत उतरताना मशीनचा कोन किंचित बदलल्यामुळे छिद्राच्या तोंडाशी कायमची पायरी राहिली. एखाद्या वेळी असे घडले असते, तर मी ते सोडून दिले असते. पण मोठ्या व्यासाच्या कामात, विशेषतः उन्हाळ्यात, हा प्रकार माझ्या वाट्याला वारंवार आला, आणि त्यानेच मला प्लायकडे वळवले.

साच्याला मी सेंटरिंगचा (स्लॅब ओतताना खाली लावतात तो) 12 मिलीमीटरचा प्लाय घेतो आणि कटरच्या बाहेरील व्यासापेक्षा साधारण 2 मिलीमीटर मोठे छिद्र पाडतो. स्लॅबवर काम असेल, तर मदतनीस त्यावर दोन्ही पाय रोवून उभा राहतो. भिंतीवर असेल, तर दोन स्क्रू मारावे लागतात आणि त्यांची भोके नंतर बुजवावी लागतात. छिद्राच्या खालच्या कडेला एक खाच ठेवणे मी आवश्यक मानतो, कारण ती नसेल तर भुकटी कटर आणि प्लाय यांच्यामध्ये दाटते. सुरुवातीला ट्रिगर अगदी हलका दाबायचा. येथे आधार मध्यबिंदूवर नसून वर्तुळाच्या कडेवर असल्यामुळे एखाद्या दाताखाली कठीण खडा आला, तरी संपूर्ण कटर बाजूला ढकलला जात नाही. मुख्य म्हणजे प्लाय जागेवरच ठेवून शेवटपर्यंत जाता येते, मध्ये थांबावे लागत नाही. त्याची किंमत म्हणून कटरच्या खोलीतून ते 12 मिलीमीटर वजा होतात. पाच इंची स्लॅबला आखूड कटर लावणाऱ्यांनी हे आधी मोजून घ्यावे.

उणिवा साच्यालाही आहेत. प्रत्येक व्यासाला वेगळा तुकडा बाळगावा लागतो, दहा-पंधरा कामांनंतर छिद्र घासून सैल होते, आणि छताकडे तोंड करून काम असेल तर साचा बसवणे जिकिरीचे जाते. तेथे सेंटर बिटच बरा. ज्यांचे काम बहुतांशी विटांच्या भिंतीत आणि लहान व्यासाचे आहे, त्यांनी केवळ माझ्या अनुभवावरून पद्धत बदलावी, असे मी म्हणणार नाही. परंतु 100 मिलीमीटरच्या पुढचे कोअर स्लॅबमध्ये नेहमी काढावे लागत असतील आणि सोबत एक माणूस असेल, तर साचा करून पाहावा असे मला मनापासून वाटते.

सळई आडवी आली तर मात्र दोन्ही पद्धतींत हा कटर निरुपयोगी ठरतो, कारण कार्बाइडचे दात लोखंडावर तुटतात. त्यामुळे साचा ठेवण्याआधी मी वर्तुळाच्या रेषेवर चार ठिकाणी 6 मिलीमीटरच्या बिटाने चाचपणी करतो आणि लोखंड लागले तर प्लाय तेवढा सरकवतो. बीम आणि कॉलममध्ये इंजिनिअरला विचारल्याशिवाय यातले काहीच करत नाही.