सापडलेलं कासव कुठे सोडायचं? आधी पाठ बघा

पावसाळ्यात कोकणात कासव सापडणं नवं नाही. भातखाचराच्या बांधावर, पऱ्याच्या काठी, कधी थेट पुळणीवर. मग जमलेल्यांत दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, 'कासवच ते, समुद्रात सोडा'. दुसऱ्याचं, 'आमच्या विहिरीत सोडा, पाणी निवळ राहतं'. या दोन्ही सल्ल्यांनी कासवं मरतात. निवाडा करायचाच तर पाठीवरून करा. जमिनीवरच्या, गोड्या पाण्यातल्या आणि समुद्रातल्या कासवाची पाठ वेगवेगळ्या रीतीने वाढते, आणि तो फरक डोळ्यांना दिसतो.

मूळ घडण बहुतेकांत सारखी. आत हाड असतं, फासळ्या आणि पाठीचे मणके एकमेकांत सांधून झालेलं. त्यामुळे कासव कवचातून बाहेर येऊच शकत नाही. वर केराटिनचे, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्या पदार्थाचे खवले. खवल्यांचे सांधे आणि खालच्या हाडांचे सांधे एकावर एक येत नाहीत, म्हणून ढाल सहजी दुभंगत नाही. हाड कडांना वाढतं, खवल्याखाली नवा थर येतो. फरक पडतो तो जुन्या थराचं पुढे काय होतं इथे.

जमिनीवरच्या तारांकित कासवात जुना थर गळत नाही. प्रत्येक नवा थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, त्यामुळे खवल्यावर कड्यांमागून कडी दिसतात. अगदी मधला ठिपका म्हणजे अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाचा खवला. कडेच्या ठराविक जागी दर थरात पिवळा रंग उतरतो आणि ठिपक्यापासून किरण फुटल्यासारखी नक्षी तयार होते. हे कासव गुजरात-राजस्थानच्या आणि दक्षिणेकडच्या कोरड्या झुडपी रानातलं. कोकणात सापडलं तर बहुधा कुणीतरी पाळलेलं निसटलंय किंवा सोडून दिलंय. पाठ घुमटासारखी उंच, पाय खांबासारखे. त्याला पोहता येत नाही. समुद्रात किंवा विहिरीत टाकलंत तर बुडेल. इथल्या रानातही सोडू नका, थेट वन विभागाला द्या.

कडी मोजून वय सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. विश्वास ठेवू नका. चाऱ्याच्या सुकाळ-दुष्काळाप्रमाणे वर्षात एकापेक्षा जास्त कडी पडू शकतात, आणि म्हातारपणी ती झिजून गुळगुळीत होतात.

तळ्यातल्यांपैकी दोन आपली. काळ्या कासवाच्या पाठीवर लांबीला तीन कंगोरे असतात. दुसऱ्याच्या पाठीला खवलेच नाहीत, हाडावर नुसती मऊ कातडी. मागचे पाय आत घेतले की पोटाकडच्या झडपा ते झाकून टाकतात. वयाबरोबर त्याच्या पोटाच्या हाडांवरचे खरबरीत घट्टे मोठे होत जातात. अशी धडधाकट कासवं रस्त्यात भेटली तर ज्या दिशेला चालली होती त्या बाजूला, जवळच्या तळ्याकाठी किंवा खाचरात ठेवायची. खारं पाणी त्यांचं नव्हे. विहीर तर नकोच. उभ्या चिऱ्यांच्या भिंतीतून वर येता येत नाही आणि अंडी घालायला माती मिळत नाही. शिवाय मऊ पाठीचं आणि तारांकित, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बाळगणं हा गुन्हा आहे.

डोळ्यामागे लाल पट्टा दिसला तर ते दुकानातलं परदेशी कासव. त्याचे जुने खवले पापुद्र्यासारखे सुटून येतात, तो आजार नव्हे. तळ्यात मात्र कदापि सोडू नका, स्थानिक कासवांच्या जागेवर आणि अन्नावर ते हात मारतं.

आता समुद्री कासव. चपटी पाठ, पायांऐवजी वल्ही, आणि मान आत ओढताच येत नाही. आपल्याकडे वेळास, आंजर्ले, गुहागरला अंडी घालायला येतात त्या ऑलिव्ह रिडले. त्यांच्या मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना सहा किंवा जास्त खवले असतात, आणि डाव्या-उजव्या बाजूची संख्या कित्येकदा जुळत नाही. हिरव्या कासवात प्रत्येक बाजूला चारच. रिडलेच्या पिल्लाच्या पाठीवर कंगोरे असतात, मोठेपणी ते सपाट होतात. पिल्लांच्या फासळ्यांच्या टोकांशी हाड भरलेलं नसतं, वर फक्त खवला, म्हणून मुलांना पिल्लं चिमटीत धरू देऊ नका. मोजावीत अशी कडी इथे नाहीतच. वय कळतं ते मेलेल्या कासवाच्या दंडाच्या हाडातल्या थरांवरून.

समुद्री आहे म्हणून लगेच समुद्रात, हीच सर्वांत मोठी चूक. रात्री अंडी घालायला आलेली मादी आपली आपण परत जाते, तिला हात लावायचा नाही. पण पावसाळ्यात पुळणीवर येऊन पडलेलं कासव बहुधा जाळ्यात अडकून जखमी झालेलं किंवा थकलेलं असतं. पाठीवर शिंपल्यांसारखे जीव दाट चिकटलेले दिसले तर ते बरेच दिवस अशक्त आहे असं समजा. लाटेत ढकललंत तर श्वासाला वर येणंही त्याला जमणार नाही. तडकलेलं कवच सावकाश भरून येतं, पण त्यासाठी उपचार हवेत. डहाणूला त्याचं केंद्र आहे. वन विभागाचा १९२६ क्रमांक लावा. माणसं येईपर्यंत सावली करा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. वल्ह्यांना धरून उचलू नका आणि उताणं करू नका. पाठीवर यंत्र चिकटवलेलं दिसलं तर काढू नका. २०२२ मध्ये वेळासच्या 'प्रथमा'पासून कोकणातल्या काही माद्यांना उपग्रहाशी जोडलेली अशी यंत्रं लावली होती.