केटीएम ड्यूक ३९० बाईकच्या इंजिन कामात ४१,७०० ला गंडलो, कोटिंगच्या नावाखाली काय चालतं ते वाचा

४१,७०० रुपये गेले आणि इंजिन आज पोत्यात बांधून जिन्याखाली पडलंय. गॅरेजचं नाव लिहीत नाही, वकील मित्र म्हणाला तक्रार चालू आहे तोवर गप बस. पण सोलापुरात ज्यांच्याकडे ३९० किंवा कुठलीही कोटिंगवाल्या ब्लॉकची गाडी आहे त्यांनी हे वाचाच.

गाडी निळा धूर मारत होती, ऑइल पीत होती. मिस्त्री बोलला पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बोअरला (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या भोकाला) ओरखडे आहेत, कोटिंग परत करायला लागेल. इथपर्यंत सगळं खरं होतं बरं का, म्हणून तर माणूस गंडतो. या ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरच्या भागाला, लोखंडी स्लिव्ह (आत बसवलेली नळी) नसतेच, ॲल्युमिनियमच्या बोअरवर आतून नायकासिलचा थर असतो, निकेलमध्ये सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण, जाडी जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा. तो थर गेला की बुलेटसारखं ओव्हरसाइझ बोअर मारून भागत नाही, नव्यानं प्लेटिंग करून डायमंड होनिंग, म्हणजे हिऱ्याच्या दगडानं आतून घासणं, करायला लागतं. हा म्हणाला कोइमतूरला पाठवतो, कुरिअरची पावती पण दाखवली. ती कशाची होती देव जाणे.

हिशोब असा: कोटिंग १६,५००, पिस्टन आणि मॉली (मॉलिब्डेनमचा थर असलेल्या) रिंगांचा सेट १४,२००, गॅस्केट-सील वगैरे ३,८००, मजुरी ७,२००. त्यातले २५,००० यूपीआयनं ॲडव्हान्स आणि उरलेले १६,७०० कॅश, कारण काय तर "कॅश द्या मालक, जीएसटी वाचतोय तुमचा". हे वाक्य ऐकलं की उठून चालू पडा.

आता ज्याच्यावरून मला रात्री झोप लागत नाही ते सांगतो. ब्लॉक "आला" तेव्हा त्यानं व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. वरचं तोंड, जिथं हेड (इंजिनाचं वरचं झाकण) बसतं ते. बोअरभोवती एक बारीक गोल रेघ, रेघेच्या आत करडा धातू, बाहेर पांढुरका. मी ती रेघ बघितली!! झूम करून बघितली, त्याला विचारलं पण, तर म्हणाला होनिंगचा मार्क हाय मालक, रनिंगमध्ये जातंय. अरे, नायकासिल बोअरला तिथं दोन धातू दिसायचं कारणच काय? ती स्लिव्हची कड होती. ब्लॉक कोइमतूर काय, अक्कलकोट रोडच्या पुढं पण गेला नसेल, इथंच बोअर मोठा करून लोखंडी स्लिव्ह ठोकली आणि कोटिंगचे १६,५०० लावले. पण मला सांगा, मी दिवसभर ऑफिसात फायली बघणारा माणूस, मी विचारलं होतं, समोरचा वीस वर्षं इंजिनं उघडतोय, त्यानं तोंडावर खोटं सांगितलं तर कोण काय करणार? माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीपण गप बसला असता.

स्लिव्ह टाकणं म्हणजे पाप नव्हे. नीट टाकली आणि गिऱ्हाइकाला सांगून टाकली तर गाड्या चालतात. पण ॲल्युमिनियम गरम झालं की लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळं पिस्टन, स्लिव्ह, ब्लॉक तिघांचं माप नव्यानं धरायला लागतं. यानं पिस्टनचा क्लिअरन्स (पिस्टन आणि स्लिव्हमधली फट) जुन्याच हिशोबानं टाईट ठेवला. मे महिन्यात, ४२-४३ डिग्रीत, सावळेश्वर टोलनाका सोडून मोहोळकडं निघालो आणि इंजिन पकडलं. मागचं चाक लॉक झालं, क्लच दाबला म्हणून हात-पाय शाबूत आहेत. टेंपोचे २,५०० वेगळेच.

एमआयडीसीतल्या लेथवाल्या काकांनी ब्लॉक हातात घेतला, खिशातलं चुंबक आत लावलं, खाडकन चिकटलं. नायकासिलमधल्या निकेलच्या पातळ थराला ते नुसतं हलकं ओढ घेतं, एवढं जोरात म्हणजे आत लोखंडच. रिंगा बघून हसले. वरची रिंग आरशासारखी चकचकीत, म्हणजे क्रोम. मॉलीच्या रिंगेला तोंडावर मंद करडा पट्टा असतो, थोडा सच्छिद्र, तिथं ऑइल धरून राहतं, उष्णता क्रोमपेक्षा जास्त सोसते, लवकर बसते. क्रोम पण वाईट नाही, धुळीला उलट चिवट, पण बसायला वेळ लागतो आणि पैसे मी मॉलीचे दिले होते. वर गॅप, म्हणजे रिंगेच्या दोन टोकांमधली फट, बघितलाच नव्हता. साध्या गाडीला बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) धरतात, ८९ मिलिमीटरच्या बोअरला साधारण ०.३५ मिलिमीटर, जोरात चालवणाऱ्यानं थोडा जास्तच ठेवावा. माझ्या रिंगेची टोकं एकमेकांना भिडून चकाकत होती. गॅप घासायचा तर फाइल बाहेरून आतच मारायची, नाहीतर कोटिंगचा टवका उडतो, हे काकांनी न विचारता सांगितलं.

मग पोलीस. साहेबांचा पहिला प्रश्न, "गाडी चालू करून दिली होती ना? मग फसवणूक कशी?" दुसरा, पिस्टन म्हणजे नेमकं कुठं असतंय. फोटो, चुंबक, रिंगा, सगळं टेबलावर मांडलं तर म्हणे हे ग्रीस उचला आधी. शेवटी हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा. अहो, कोटिंगचे पैसे घेऊन कोटिंग केलंच नाही, हे दिवाणी कसं? हेल्मेट नसलं की आम्ही लगेच गुन्हेगार, आणि १६,५०० खोटं बोलून काढले की "आपसात मिटवा". बँकेत गेलो तर पेमेंट तुम्हीच पिन टाकून केलंय. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर रद्द झालेला, ते घेऊन करवाल्यांकडं गेलो, तिथं एका खिडकीनं दुसरीकडं पाठवलं आणि दुसरीवरचा माणूस जेवायला गेला तो गेलाच. महाराष्ट्रातले जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारे पंधरा अक्षरी असतात, पैसे द्यायच्या आधी पोर्टलवर टाकून बघा, फुकट आहे.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून तक्रार नोंदवता येते, आणि ग्राहक आयोगात ५ लाखापर्यंतच्या कामाला फी नाही, ऑनलाइन दाखल होतं, दोन वर्षांच्या आत करा. मी केलंय. जुने पार्ट मागून घ्या, माझे त्यानं "भंगारात गेले" म्हणून दिलेच नाहीत. हेड बसायच्या आधी स्वतः जाऊन उभे राहा, चुंबक नेलं तर अजून बरं, मिस्त्रीला राग आला तर येऊ दे.

परवा त्याच्या स्टेटसला अजून एक ब्लॉक दिसला, "नायकासिल डन" लिहून वर दोन आगीचे इमोजी. झूम केलं, तीच गोल रेघ. मागं केशरी गाडी उभी आहे, एमएच १३, नंबर इथं टाकत नाही. मालक, वाचत असशील तर आजच जा, अजून हेड बसलेलं नाही.