लष्करभरतीची नोटीस आणि ‘न्यू प्रोफाइल’ची सल्लासेवा

लष्करात जायचं की नाही या पेचात पडलेल्या मुलामुलींसाठीची ‘न्यू प्रोफाइल’ची सल्लासेवा फुकट आहे, सल्ला देणारे स्वयंसेवक आहेत आणि बोलणं हिब्रूत होतं. आधीच सांगून टाकते, कारण आपल्या अश्दोदच्या बायका पहिलं हेच विचारतात. ही इथली, म्हणजे इस्राएलमधली, 1998 पासूनची स्त्रीवादी चळवळ. सक्तीच्या लष्करी सेवेला तिचा विरोध आहेच, शिवाय घराघरांत मुरलेल्या लष्करी वळणालाही. आमच्या सासूबाईंपुढे मात्र नाव काढायची सोय नाही.

धाकटीला भरतीची पहिली नोटीस आली आणि ती म्हणाली, “आई, मी नाही जाणार.” मी धास्तावूनच फोन लावला, म्हटलं, हे लोक पोरीच्या डोक्यात आणखी काय काय भरवणार! पलीकडच्या बाई माझ्याशी जेमतेम बोलल्या. “तिला द्या,” म्हणाल्या, आणि तिला विचारलं, “तुला का नको?” पोरीचं पाल्हाळ संपेपर्यंत मधे एक शब्द नाही.

मग कायदा. इथे मुलींनाही लष्करी सेवा सक्तीची, पण त्या कायद्याच्या 39व्या कलमात मुलींना सदसद्विवेकाच्या कारणावरून सूट आहे. मात्र 2004 साली सेवेला नकार देणाऱ्या लॉरा मिलोच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की इस्राएलने व्यापलेल्या पॅलेस्टिनी प्रदेशातल्या धोरणाला विरोध म्हणून नकार दिला तर ही सूट लागू होत नाही. धाकटीच्या बोलण्यात दोन्ही कारणांची खिचडी. मी लगेच विचारलं, “मग सूट द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या समितीसमोर काय बोलायचं ते पढवून द्याल का?” बाई म्हणाल्या, “तिला खरं वाटतं तेच बोलू दे.” तिथे मला त्या पटल्या.

तुरुंगाचंही त्यांनी लपवलं नाही. सूट नाकारली आणि तरी गेलं नाही, तर शिक्षा. सुटल्यावर पुन्हा बोलावणं, पुन्हा शिक्षा. 2012-13 मध्ये नातान ब्लांक नावाचा सेवेला नकार देणारा तरुण असा आत-बाहेर करत एकूण 178 दिवस तुरुंगात होता. हे ऐकून आमचे हे उठून गॅलरीत गेले.

त्यांचंही बरोबर आहे. आपण बेने इस्राएल, महाराष्ट्रातून आलेले यहुदी. 1964 पर्यंत इथल्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, लग्नाच्या वेळी आपलं यहुदीपण तपासायला काढलं होतं. पोरं गणवेशात दिसली तेव्हा कुठे शेजाऱ्यांची मान हलली, असं सासूबाई अजून सांगतात. हा मान पोरीने सोडायचा? फोनवरच्या बाईंकडे याचं उत्तर नव्हतं, आणि असल्याचा आव त्यांनी आणलाही नाही. लात्रूनच्या रणगाड्यांच्या संग्रहालयात चार वर्षांच्या धाकटीला रणगाड्यावर चढवून फोटो काढले होते, तेव्हा आम्हाला काहीच खटकलं नव्हतं, हे मात्र मला त्या फोननंतर दिसायला लागलं.

2009 मध्ये भरती टाळायला चिथावणी दिल्याच्या संशयावरून पोलिसांनी या चळवळीतल्या लोकांच्या घरी धाडी घातल्या, कॉम्प्युटर नेले. पुढे प्रकरण बंद झालं. आम्हाला तरी चिथावणी कुठे ऐकू आली नाही. उलट, निर्णय कुणीतरी आयता हातात द्यावा असं वाटत असेल, तर इथे फोन करू नका. आणि फक्त मराठी येणाऱ्या आजीला बोलायचं असेल, तर शेजारी एखादं नातवंड बसवा.