४,५०,००० रुपये आणि नोटरीचा कागद

४,५०,००० गेले. कौलं आणि पंपावर घातलेले ३८,६०० वेगळे. नावं लिहीत नाही, वकिलांनी मनाई केलीय. पण कोकणात घर-जागा बघणाऱ्या बायांनी हे वाचाच.

तलाक झाला, इद्दत (तलाकनंतर बाईनं थांबायची मुदत) संपली, मुंब्र्याच्या खोलीचं भाडं झेपेना. दोन्ही मुलींना घेऊन रायगडात खाडीकाठच्या गावी जायचं ठरवलं. आमचं मूळ तिकडचंच. शिलाई कुठेही करता येते, उर्दू शाळा जवळ, वस्ती आपली. एजंटही जमातीतलाच, पाच वक्त नमाजी, मला "बेटी" म्हणणारा. तीन गुंठे आणि त्यावरचं जुनं कौलारू घर. या एजंटांची तऱ्हा तुम्हाला ठाऊक आहेच. आधी आपुलकी, मग घाई. "दुसरं गिऱ्हाईक उद्या येतंय." बयाणा ५१,००० मोबाईलवरून, २,७५,००० बँकेतून, १,२४,००० रोख. रोख म्हणजे माझ्या मेहेरच्या, निकाहात नवऱ्याकडून मिळालेल्या बांगड्या.

घर बघायला गेले तेव्हा शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "बहिणींनी सह्या दिल्या काय गो?" मी म्हटलं, कुठल्या बहिणी? एजंट मध्येच हसला, "चाचीचं आता वय झालं." तिथेच पाय मागे घ्यायला हवा होता! बहिणींचा हिस्सा असतो हे मला कुणी शिकवायचं? बापाच्या घरात मीच तो मागून वाईट झालेय. पण महिनाअखेर खोली सोडायची असलेली बाई किती प्रश्न विचारणार, सांगा. आणि सातबारा मी मागितला होता, बरं का. त्यानं झेरॉक्स दिली, एकच नाव, 'इतर हक्क'चा रकाना कोरा. खऱ्या उताऱ्यावर सात नावं निघाली, दोघं कुवेतला. डिजिटल सहीचा सातबारा सरकारी साइटवर १५ रुपयांत मिळतो. कुणी झेरॉक्स पुढे केली तर तिथूनच उठा.

खरेदीखत का नाही? "तू शेतकरी नाहीस बेटी, सध्या नोटरी करू, एनए (बिगरशेती) झालं की रजिस्टर." यातलं अर्धं खरं होतं, म्हणून तर गळी उतरलं. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. म्हणजे व्यवहारच करायचा नाही. ५०० च्या स्टॅम्पवर करायचा असं कुठे लिहिलंय? नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही, दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवावा लागतो. घरपट्टीची पावती दाखवून कुणी मालक होत नाही.

आता पोलीस. "बाई, हे दिवाणी मॅटर आहे." खोटा सातबारा दाखवून पैसे उकळणं दिवाणी? न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचंच आहे. ते कागदावर लिहून नेलं तर साहेब म्हणे, "वकील झालात का?" दुसऱ्यानं विचारलं, "नवरा कुठेय?" नवऱ्याचा काय संबंध? तलाठ्यानं तहसीलला पाठवलं, तहसीलनं परत पोलिसांकडे, आणि प्रत्येक ठिकाणी सगळी कथा पहिल्यापासून, उभ्यानं. लेखी तक्रारीची पोच मागितली तर शिक्का सापडेना. घेतल्याशिवाय हलू नका. जमातीचा निरोप आला, बदनामी नको, मिटवून घे. कुणाची बदनामी? बांगड्या विकल्या त्या माझ्या!

विधी सेवा प्राधिकरण बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील देतं, हे या इतक्या टेबलांवर एकानंही सांगितलं नाही. मुलीच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं.

नोटीस गेलीय. बँकेतले आणि मोबाईलवरचे पैसे तो "उसने घेतले" म्हणतो, रोख घेतलीच नाही म्हणतो. ज्या बहिणींचा हक्क बुडवला त्यांनीच पावसाळा होईपर्यंत राहू दिलंय, भाडंही घेत नाहीत. तो मात्र एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर रोज असतो. मागच्या जुम्म्याला कुर्ल्याच्या एका जोडप्याला घेऊन माझ्याच दारात आला, "भाडोत्री आहे, निघेल" म्हणाला. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी संशयानं पाहिलं ते माझ्याकडेच.